लुकलुक नसलेला उजेड

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाच्या. कंपनीनं दिलेलं घर कारखान्याच्या कुंपणाला लागूनच आहे. दोन खोल्या, मागं कपडे वाळत घालायला भरपूर जागा, आणि नळाला पाण्याचा असा जोर की पहिल्याच झटक्यात मी नखशिखांत भिजले. धाकटी पोट धरून हसली. नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आल्यापासून माझी ही बहीण दाराची कडी वाजली तरी दचकते. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं, म्हणून मी रागावले नाही. हसून झाल्यावर तिनं खिडकीची खोली पटकावली. तिचं म्हणणं, ताई दिव्यांची बाई, तिला खिडकी कशाला.

दिव्यांची बाई हे मात्र खरं. गोदामं, कारखाने, बाजाराच्या मोठाल्या इमारती, जिथं चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी छताला हात लागत नाही, तिथं वरून कुठला दिवा सोडायचा, किती उंचीवर, किती पसरट उजेडाचा, हे मी ठरवते. लोकांना वाटतं बल्ब आणला, लावला, झालं. लोकांना काय, काहीही वाटतं.

मुलाखत गमतीची झाली होती. मॅनेजरसाहेबांनी दिव्यांबद्दल फारसं विचारलंच नाही. कापणी-हॉलमधल्या बायकांना जुन्या दिव्यांखाली कुणीतरी उभं असलेलं दिसतं, त्यावर माझं काय मत, एवढं विचारलं. मला फिस्सकन हसू आलं. नोकरी गेली असं वाटलं, पण साहेबांनी तिथल्या तिथं नेमणूक दिली, आणि धाकटीलाही हॉलमध्ये काम देतो म्हणाले. आता ती चार बायकांत मिसळेल, तिची भीड चेपेल. मला एवढंच हवंय.

ती आत्ता मागून डोकावून गेली. म्हणते, ताईला रोजनिशीतसुद्धा शेवटचं वाक्य आपलंच हवं असतं. माझ्या रोजनिशीत दुसऱ्या कुणाचं असणार?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हॉल पाहिला. एका टोकाला कागदाचे पिंपाएवढाले रोल येतात, यंत्रं ते उलगडून कापतात, आणि बायका डागाळलेले ताव बाजूला काढून बाकीच्यांचे गठ्ठे बांधतात. यंत्रांच्या मधून लांबच लांब गल्ल्या गेल्या आहेत आणि गल्ल्यांच्या कडेनं खांब आहेत. खिडकी एकही नाही, कारण उन्हानं कागद पिवळा पडतो. म्हणजे इथं दिवस केव्हा उजाडला ते दिवे सांगणार. असली जागा मला मनापासून आवडते.

दिवे मात्र बघवत नाहीत. जुने मर्क्युरीचे आहेत. बटण दाबल्यावर नीट पेटायलाच एक चहा पिऊन होईल एवढा वेळ घेतात, मग दिवसभर गुणगुणत राहतात, आणि खाली बायकांची तोंडं हिरवट दिसतात. शिवाय लुकलुकतात. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. मी पेन धरून जोरात हलवून पाहिलं, तर एका पेनाची दहा पेनं झाली, पंख्यासारखी उलगडलेली. चांगल्या दिव्याखाली हलणारं पेन नुसतं पुसट दिसतं. मुकादमीण शेजारी उभी राहून हे बघत होती. हॉलमधल्या बायकांवर देखरेख तिची, आणि आवाज असा की यंत्रानं गप्प बसावं. पेनाला उकडतंय का, म्हणून तिनं विचारलं. हिचं आणि माझं जमणार नाही हे तेव्हाच कळलं.

प्रत्येक खांबाभोवती जमिनीवर पिवळा गोल रंगवलाय. कशाला, असं वायरमनला विचारलं. उभं राहायला, म्हणाला. कशासाठी उभं राहायचं, तर कळेलच तुम्हाला, म्हणाला आणि शिडी शोधायला निघून गेला. शिडी त्याच्या खांद्यावरच होती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कळलं. जेवणाच्या सुट्टीआधी कुणीतरी खांबावर लाकडी ठोकळा आपटला. त्यासरशी सगळ्या बायकांनी हातातलं काम टाकलं, खांबांशी जाऊन पिवळ्या गोलांत उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. थंडीनं काकडल्यासारख्या दिसत होत्या. यंत्रं रिकामीच फिरत राहिली. मुकादमिणीनं मलाही दंडाला धरून ओढलं आणि माझे हात माझ्याच काखेत कोंबले. शाळेतसुद्धा मला कुणी असं वागवलं नव्हतं.

मधल्या गल्लीच्या टोकाला काहीतरी उभं होतं. खोटं कशाला लिहू, मलाही दिसलं. माणसाएवढं, करडं, कडा पुसट, एक हात थोडा पुढं धरलेला. ते चाललं नाही की वळलं नाही. सावकाश एका बाजूला सरकल्यासारखं वाटलं, आणि मग नव्हतंच. बायका त्याला उभ्या म्हणतात. उभ्या आला, उभ्या गेला, असं शेजारच्या बिऱ्हाडकरूबद्दल बोलावं तसं बोलतात. आणि लगेच कामाला लागतात.

मला याचा उलगडा करायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. लुकलुकणारा दिवा सारखा विझत-पेटत असतो. दर वेळी पेटताना फिरतं पातं त्याच जागी आलेलं असेल, तर डोळ्याला वाटतं पातं थांबलंय. वेग जरा कमीजास्त असला तर ते सावकाश सरकताना दिसतं. मागं एका लाकूडकामाच्या कारखान्यात सुतारानं अशीच करवत बंद समजून तिच्यावर हात ठेवला होता, आणि त्याची बोटं भुशातून वेचावी लागली होती. तर हा उभ्या म्हणजे कुठल्यातरी फिरत्या रोलवर पडलेला कवडसा. दिवे बदलले की तोही जाईल.

संध्याकाळी धाकटीला सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तो उभा नसतो, फिरत असतो? मी म्हटलं, अगदी बरोबर. तिला बरं वाटेल असा माझा समज होता. ती जेवली नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मुकादमीण माझ्या टेबलाशी येऊन बसली, न विचारता. तिचं मागणं एवढंच की प्रत्येक गल्लीत एकेक जुना दिवा राहू द्यावा. उभ्या दिसला की बाजूला होता येतं, दिसलाच नाही तर काय करायचं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, एकाच हॉलमध्ये दोन जातींचा उजेड म्हणजे एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल. मग तिनं एक जुनी गोष्ट सांगितली. मर्क्युरीच्या आधी इथं साधे पिवळे बल्ब होते, त्यांच्या उजेडात तो दिसायचा नाही, आणि तेव्हा बाया जायच्या. कुठं जायच्या, विचारलं. त्याच्याबरोबर, म्हणाली. तो हात धरून नेतो, म्हणून हात काखेत. मी म्हटलं, हात धरून नेलेल्या माझ्याही ओळखीत बऱ्याच आहेत, लग्न करून परत येतात. ती हसली नाही. उठताना म्हणाली की तुमची बहीणही हॉलमध्येच आहे, हे दिवे निवडताना लक्षात असू द्या.

धमकी वाटली, म्हणून साहेबांच्या कानावर घातली. ते म्हणाले, घाबरू नका. बायका खांबाला चिकटून उभ्या राहतात तेवढं काम बुडतं, आणि दिवसातून असं कितीदा होतं याला धरबंध नाही. दिवा असा निवडा की त्यांना काही दिसताच कामा नये. काही म्हणजे उभ्याच ना, असं मी हसत विचारलं. तेही हसले. साहेब फार मोजकं हसतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दिवे निवडले. हे काम मला गाण्यासारखं येतं, आणि आज सूर लागला होता. गल्ल्या अरुंद म्हणून अरुंद झोताचे, यंत्रांवर पसरट. वर बघणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून खालून दुधी झाकण. रंग असा की पांढऱ्या कागदावरचा पिवळट डाग लांबून ओळखू यावा. झोत एकमेकांत असे मिसळवले आहेत की सावली जवळजवळ पडणारच नाही. आणि लुकलुक शून्य. त्यासाठी दिव्याच्या आतला वीज सांभाळणारा भाग महागातला घ्यावा लागतो, एरवी मालक लोक त्यावरच कात्री चालवतात. साहेबांनी चकार शब्द काढला नाही. उलट सगळ्यात उत्तम तोच घ्या, म्हणाले. असा माणूस मला या धंद्यात पहिल्यांदा भेटला.

नमुन्याच्या दिव्याखाली पेन हलवलं. नुसतं पुसट. धाकटीलाही दाखवलं. ती म्हणाली, छान आहे ताई, पण पेन दिसत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल सुट्टीच्या दिवशी माणसं लावून सगळे दिवे चढवले. आज सकाळी बायका आत आल्यावर मी स्वतः बटण दाबलं. पापणी लवायच्या आत अख्खा हॉल उजळला, तापायचं नाही की गुणगुणायचं नाही. कागद कागदासारखा पांढरा दिसला, माणसं माणसांसारखी दिसली. माझ्या आजवरच्या कामातलं हे सगळ्यात देखणं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

बायका सगळ्या खांबांशी उभ्या. हात काखेत. कुणी ठोकळा वाजवला नव्हता, तरी उभ्या. साहेब आले आणि शांतपणे म्हणाले की ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं, बाहेर बऱ्याच जणी वाट बघतायत. मग एकेक करून त्या यंत्रांपाशी गेल्या. मुकादमीण सगळ्यांत शेवटी गेली. जुने दिवे फोडून टाकायचा हुकूम झालाय. वायरमन मागच्या आवारात दिवसभर काचा फोडत होता, घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड करून.

बुधवार, १९ फेब्रुवारी

एकदाही काम थांबलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन शाबासकी दिली. पुढच्या महिन्यात बाकीच्या हॉलांचे दिवेही माझ्याकडेच.

बारीक तक्रारी आहेतच. गल्लीतून जाताना गठ्ठ्यांचे वरचे ताव फडफडतात. पंखा जवळ नाही, हवेची वाट कुठून आहे ते शोधायला हवं. आणि गठ्ठे बांधणारी एक बाई दुपारपासून काम सोडून गेली, डबा तसाच ठेवून. मी म्हटलं, डब्यात भाजी बिघडली असेल. एकही हसली नाही. या बायकांना विनोदाचं वावडं आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आणखी दोघी काम सोडून गेल्या. साहेब म्हणतात, शिस्त आली की कामचुकार गळतातच. खरं आहे.

मुकादमीण आज माझ्या वाटेत उभी राहिली आणि त्या दोघींची लेकरं किती लहान आहेत ते सांगायला लागली. मी म्हटलं, मग त्यांनी नोकरी सोडायला नको होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पायाशी थुंकली. एवढ्या स्वच्छ फरशीवर.

धाकटी म्हणते, उद्यापासून हॉलमध्ये जायचं नाही. तिच्या मानेवरून वारा जातो म्हणे, सारखा, एकाच बाजूनं, थांबतच नाही. मी हवेच्या वाटेचं सांगितलं. ती रडायला लागली. मला रडणं सहन होत नाही, विशेषतः तिचं. ते सहन करून करून आमची आई थकून गेली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

धाकटीला हॉलमध्ये पाठवलंच. सोपं गेलं नाही. मी म्हटलं, नवऱ्याच्या घरीही तू अशीच कोपऱ्यात बसून राहिली असशील, म्हणून त्यानं ठेवली नाही. बोलून गेले. ती उठून नखांना लाल रंग लावत बसली, दोन नखांवरचा पसरला तरी. मग माझ्यामागून आली.

दुपारी साहेबांनी बोलावून दाखवलं. धाकटी एक हात काखेत घालून दुसऱ्या एकाच हातानं ताव उचलत होती. तिचं बघून बाकीच्याही तसंच करायला लागल्या होत्या. साहेब म्हणाले, मॅडम, तुमचीच माणसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीत गेले, सगळ्यांदेखत तिचं मनगट धरलं आणि हात काखेतून ओढून काढला. तिनं फार जोर लावला होता. तिच्या हातात तावांचा गठ्ठा दिला आणि म्हटलं, माणसासारखं काम कर. मग टेबलाकडे आले. मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मन पाघळलं असतं.

ती अजून घरी आलेली नाही. रुसली असेल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आली नाही. साहेब म्हणाले, काम सोडून गेली. गठ्ठ्यापाशी तिच्या चपला आहेत, दोन्ही, नीट शेजारी शेजारी. चपला टाकून कोण नोकरी सोडतं? साहेब म्हणाले, बायकांचं काही सांगता येत नाही.

ताव जमिनीवर पसरले होते. वाऱ्यानं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तिच्या नवऱ्याला फोन केला. तिकडे नाही. हसला मेला. स्टेशन, दवाखाना, पोलीस, सगळीकडे जाऊन आले. पोलिसानं विचारलं, भांडण झालं होतं का. मी नाही म्हटलं.

मुकादमिणीकडे गेले. तिनं दारातच उभं ठेवलं, पण बोलली. म्हणाली, शोधायचीच असेल तर जुन्या उजेडात शोधा. आणि सापडली तर तिला धरायला जाऊ नका, जी धरायला गेली तीही गेली. दार लावताना म्हणाली, लहान होती हो. मी म्हटलं, होती काय म्हणता. दार लागलं होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

फेऱ्या मारत मारत सगळा हॉल पालथा घातला. माझ्या उजेडात. कुठं काही नाही. टाचणी पडली तर दिसेल असा उजेड — आणि माणूस दिसत नाही.

मानेवरून वारा जातो. एकाच बाजूनं. खरंच जातो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. सगळं बोलले, उभ्या, वारा, सगळं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, मला माहीत आहे. पूर्वीपासून. तो दिसतो तेव्हा अख्खा हॉल थांबतो. दिसत नाही तेव्हा एखादी जाते, आणि एखादी गेली तर दुसरी मिळते. हिशेब सोपा आहे, म्हणाले, आवाज जरासुद्धा न चढवता. तुमच्याआधी आलेले दिवेवाले दोघं जुन्या दिव्यांखाली उभे राहून घाबरले, कामच घेईनात. तुम्ही हसलात. म्हणून तुम्हाला घेतलं.

मग पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. बाकीच्या हॉलांचे दिवे कधी निवडता, विचारलं.

मी पाणी प्यायले. का प्यायले?

शनिवार, १ मार्च

वायरमननं एक जुना दिवा फोडला नव्हता. गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. काम सुटल्यावर, हॉल रिकामा झाल्यावर, त्यानंच मधल्या गल्लीत टांगून दिला, माझे दिवे विझवले आणि बाहेर पळाला. दिवा तापायला लागला. आधी जांभळट, मग हिरवट. गुणगुण. मी खांबाशी. हात काखेत.

दिसले.

एक नाही. रांग आहे. पुढं तो, करडा, आणि त्याच्या हातात एकीचा हात, तिच्या हातात दुसरीचा. डबा ठेवून गेलेली बाई. त्या दोघी. सगळ्या उभ्या. उभ्या नाहीत. फिरतायत, माझ्यासमोरून क्षणात कितीदा तरी जातायत — मीच तर सांगितलं होतं — मीच —

सगळ्यांत शेवटी धाकटी. अनवाणी. तोंड उघडं. तिचा एक हात पुढच्या बाईनं धरलाय. दुसरा —

दुसरा तिनं काखेत दाबून धरलाय. घट्ट. मी ओढली जाऊ नये म्हणून.

तो हात मी काढला होता. तिनं परत घातला.

रविवार, २ मार्च

सुट्टी. भर दिवस. हॉलमध्ये मी एकटी. माझे दिवे बंद, तो एकच चालू. वही आणलीय, लिहीत राहिले की इथं उभं राहवतं. साहेबांचा निरोप आलाय, उद्या तो दिवाही फोडायचा. मग ती पुन्हा कधी दिसणार नाही. आजच काय ते.

ठरवून आलेय, तिला ओढून काढायची. हात बरोबर त्या जागी, बरोबर त्या क्षणी —

रांग सरकतेय. सावकाश. माझ्याकडे. काल यंत्रापाशी होती, आता अलीकडच्या खांबाशी. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. धाकटीच्या डोळ्यांत — ती बघतेय. मला बघतेय. मान हलवतेय, इतकी हळू की आधी कळलंच नाही. नको म्हणतेय.

तिचा काखेतला हात बाहेर येतोय. ती आणत नाहीये. येतोय. दाबतेय ती, पूर्ण जोर लावून, सोमवारी लावला होता तसाच. दंड थरथरतो तो तुकड्यातुकड्यानं दिसतो. आधी मनगट. मग बोटं. लाल नखं, दोन नखांवरचा रंग पसरलेला.

हात पुढं आला. रिकामा. माझ्यासाठी.

दोन पावलांवर.

मला नाही जमणार.

धाकटे, मला नाही जमणार गं. मला जगायचंय. मी हात काखेत घालून मागं मागं सरकत जाईन, दारापर्यंत. तू दिसतेयस तोवर मला चुकवता येईल. तू बघू नकोस. एवढं लिहून पेन टाकते. एवढंच एक वाक्य —

साहेब दारात आलेत. विचारतायत, अशा अंधारात काय लिहिता मॅडम, डोळे जातील, दिवे लावू का. मी नको म्हणून ओरडले, हात करून —

लावले.

सगळे. पापणी लवायच्या आत. पांढरं. स्वच्छ. सावलीसुद्धा नाही.

गल्ली रिकामी. धाकटी नाही. कुठं आहे ती? एक पाऊल — अर्धं — वारा — वही धरलेला हात उघडाच आहे, तो आधी काखेत —

बोटं. गार. लाल न